बचत तिजोरीची, भार विद्यार्थ्यांवर

सार्वजनिक विद्यापीठांच्या खर्चाचा विषय निघाला की दोन आश्वासने हमखास दिली जातात. विद्यार्थ्यांवर शुल्कवाढ लादली जाणार नाही, हे पहिले. प्राध्यापकांची रिक्त पदे लवकरच भरली जातील, हे दुसरे. या दोन्ही आश्वासनांचा पैसा एकाच तिजोरीतून येतो, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. महाराष्ट्रात पदे रिक्त ठेवून वेतनखर्च आवरला गेला. त्याची किंमत तासिका तत्त्वावरील प्राध्यापक आणि शुल्क भरणारे पालक चुकवीत आहेत.

अनुदानित महाविद्यालयांतील मंजूर पदांचे वेतन राज्य शासन देते. म्हणूनच तेथील पारंपरिक अभ्यासक्रमांचे शुल्क सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात राहिले. परंतु वेतनश्रेणी ठरविण्यात केंद्राचा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा शब्द अंतिम असतो, तर कायमचा भार राज्याच्या माथी येतो. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी केंद्राने वाढीव खर्चाचा ८० टक्के वाटा उचलला, तो केवळ मार्च २०१० पर्यंत. सातव्या आयोगाच्या वेळी हा वाटा ५० टक्क्यांवर आला आणि त्याची मुदत होती मार्च २०१९. पुढचा सारा खर्च राज्याचा. थकबाकीचा वाद किती चिघळू शकतो, हे २०१३ मध्ये दिसले. त्या वर्षी प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर टाकलेला बहिष्कार तीन महिन्यांहून अधिक काळ चालला आणि लाखो विद्यार्थ्यांचे निकाल टांगणीला लागले.

वेतनाचा दर हाती नसला, तरी पदे भरायची की नाही, हे राज्याच्या हाती आहे. खर्चाला कात्री लागली ती नेमकी तेथेच. मे २०१७ मध्ये आढाव्याचे कारण देऊन भरती थांबविण्यात आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या पदांना परवानगी मिळाली; परंतु मे २०२० मध्ये करोनाच्या आर्थिक संकटामुळे नव्या भरतीला पुन्हा खीळ बसली. निवृत्ती मात्र कोणत्याही शासन निर्णयाने थांबत नाही. परवानगी टप्प्याटप्प्याने आणि निवृत्ती दरमहा, अशा स्थितीत अनुशेष वाढणे अटळच होते.

वर्ग रिकामे ठेवता येत नाहीत. त्यामुळे ते तासिका तत्त्वावर चालविले जातात. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे प्रारंभीचे मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपये असून भत्ते वेगळे. २०२३ मध्ये राज्याने पदवी वर्गांसाठी तासिकेचा दर ९०० रुपये केला. आठवड्याला नऊ तासिका गृहीत धरल्या, तर चार आठवड्यांचे मानधन ३२,४०० रुपये होते. तेही वर्ग भरतील तेव्हाच. सुटीत कमाई नाही आणि पुढील वर्षाची शाश्वती नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्येच अतिथी प्राध्यापकांसाठी व्याख्यानाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये हा दर सुचविला होता. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत कंत्राटी प्राध्यापकांचे प्रमाण एकूण पदांच्या १० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्यास सांगितले होते. अपवाद म्हणून स्वीकारलेली व्यवस्था अनेक विभागांत नियम बनली, ती या मर्यादेकडे काणाडोळा करूनच.

शुल्काची कहाणीही याच वाटेने जाते. विद्यापीठांनी आपल्या आवर्ती खर्चाचा काही वाटा स्वतः उभारावा, अशी शिफारस न्या. पुन्नय्या समितीने १९९० च्या दशकातच केली होती. महाराष्ट्राने २००१ मध्ये नव्या महाविद्यालयांसाठी 'कायम विनाअनुदानित' धोरण स्वीकारले. परिणामी एकाच इमारतीत दोन जगे नांदू लागली. एका मजल्यावर अनुदानित बी.कॉम., तर दुसऱ्यावर विनाअनुदानित व्यवस्थापन किंवा संगणक अभ्यासक्रम. आणि दोहोंच्या शुल्कात मोठी तफावत. दुसऱ्या मजल्यावरील शिक्षकाचे वेतन थेट विद्यार्थ्याच्या शुल्कातून निघते. २०२४ मध्ये शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी दिली. निर्णय स्वागतार्ह आहे. पण शुल्क माफ झाले म्हणून खर्च नाहीसा होत नाही. प्रतिपूर्ती वेळेवर झाली नाही, तर त्याचा पहिला फटका शिक्षकांच्या पगाराला बसतो.

इंग्लंडचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथील शुल्काची कमाल मर्यादा २०१७ पासून २०२५ पर्यंत ९,२५० पौंडांवर गोठलेली होती. नंतर ती ९,५३५ झाली. मधल्या काळात महागाई वाढली, विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर विसंबली आणि तो ओघ आटताच अनेक ठिकाणी नोकरकपात सुरू झाली. पर्यायी निधीची तजवीज न करता शुल्क गोठविले, तर तुटीची भरपाई कोणाला तरी करावीच लागते.

गुणवत्तेवरील परिणाम आता आकड्यांतही दिसू लागले आहेत. राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ गटात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०२४ मधील २३ व्या स्थानावरून २०२५ मध्ये ५६ व्या स्थानी घसरले. या घसरणीला कारणे अनेक असतील. परंतु विद्यार्थी-शिक्षक प्रमाण हा त्या मूल्यमापनाचा एक प्रमुख निकष आहे, हे विसरता येत नाही.

शासनाची अडचण खोटी नाही. वेतन आणि निवृत्तिवेतनाचा बोजा मोठा आहे आणि काही विषयांची विद्यार्थिसंख्या घटल्याने तेथील प्रत्येक जुने पद भरणे समर्थनीय ठरणार नाही. मात्र त्यावरचा उपाय सरसकट बंदी हा नव्हे. दरवर्षी कार्यभाराची निःपक्ष तपासणी करावी, गरज सिद्ध झालेले पद निवृत्तीपूर्वीच जाहिरातीस काढावे, तासिकेचा दर आयोगाच्या दराशी जोडावा आणि विनाअनुदानित अभ्यासक्रमांचा जमाखर्च पालकांपुढे उघड करावा. यातील एकाही गोष्टीसाठी नव्या वेतन आयोगाची वाट पाहण्याची गरज नाही.

रिक्त पदामुळे वाचलेला पैसा अर्थसंकल्पात बचत म्हणून दिसतो. पालकाने भरलेले वाढीव शुल्क आणि तिशी ओलांडलेल्या पात्रताधारकाची हुकलेली वर्षे मात्र कोणत्याही लेखाशीर्षाखाली नोंदली जात नाहीत. हा हिशेब मांडल्याखेरीज खर्च नियंत्रणात आला, असे म्हणता येणार नाही.