खेळातली ग्रामसभा

केंद्र सरकारने ३० ऑक्टोबर २०२५ रोजी ‘आदर्श युवा ग्रामसभा’ हा उपक्रम सुरू केला. नवोदय व एकलव्य विद्यालयांतील नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी सरपंच, सदस्य, अंगणवाडी सेविका अशा भूमिका घ्यायच्या, गावाचे प्रश्न मांडायचे आणि अंदाजपत्रक तयार करायचे, असे त्याचे स्वरूप आहे. अभिरूप संसद आपल्याकडे जुनीच. पण संसदेत प्रतिनिधी बोलतो, ग्रामसभेत मतदार स्वतः बोलतो. म्हणून हा खेळ स्वागतार्ह आहे आणि शेवगावसारख्या तालुक्यातील शाळांनी तो खेळण्यासाठी वरच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

मात्र तो गुळगुळीत होता कामा नये. वर्गात गणपूर्ती आपोआप होते. गावात तीच अडते. महाराष्ट्रातील कायद्यानुसार मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधनच नसते! मग मूठभरांचा ठराव साऱ्या गावाचा ठरतो. हे मुलांना अनुभवू द्यावे. निम्मा वर्ग बाहेर बसवावा, आतल्या पाच जणांना पाणीपट्टी वाढवू द्यावी आणि नंतर बाहेरच्यांना निर्णय ऐकवावा.

विषयही बोचणारा हवा. ‘पाणी वाचवा’ हा ठराव एकमताने मंजूर होतो, कारण त्यात कोणाचेच काही जात नाही. याच अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचे आणि उसासारखी पिके टाळण्याचे ठरवले, तेव्हा प्रत्येकाला काहीतरी सोडावे लागले. तेथे पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो. शेवगाव तालुक्यात जायकवाडीच्या फुगवट्याकाठची गावे आहेत, तशी कोरडवाहूही आहेत. काठावरच्या मुलाला कोरडवाहू शेतकऱ्याची भूमिका द्यावी. कोरडवाहू गावच्या मुलाला बागायतदाराची. दोघांनाही आपली बाजू मांडताना घाम फुटेल.

खुद्द शेवगाव शहरात नगरपरिषद आल्यावर ग्रामसभा उरली नाही. शहरातल्या मुलांच्या वाट्याला ती फक्त खेळातच येणार. तेव्हा शिक्षकांनी खेळ संपल्यावर त्यांना शेजारच्या गावातील पुढच्या ग्रामसभेला मागे बसून ऐकण्यासाठी न्यावे. तेथे सतरंजीवर किती माणसे आहेत आणि त्यांत स्त्रिया किती, हे त्यांनी स्वतः मोजावे.