प्रिंटरलाही आठवड्याची एक तासिका द्या



शाळेच्या वेळापत्रकात परिपाठापासून कवायतीपर्यंत सगळ्याला जागा असते. नसते ती कार्यालयाच्या कोपऱ्यातल्या इंकजेट प्रिंटरला. त्याची आठवण होते चाचणीच्या आदल्या दिवशी, नाहीतर 14 ऑगस्टच्या दुपारी. आणि नेमका त्याच वेळी तिरंग्यातला केशरी पट्टा राणी रंगाचा आणि हिरवा पट्टा निळा छापून येतो. पिवळी शाई टाकीत काठोकाठ असते, पण कागदावर उतरत नाही. मग सुरू होतं हेड क्लीनिंग. एकदा, दोनदा, पाचदा.

बऱ्याच शाळांत आणि घरांत एक समजूत पक्की आहे: रंगीत प्रिंट कमी काढली की शाई वाचते. माझं मत उलटं आहे. रंगीत प्रिंट महिनोन्महिने न काढणं हीच शाईची मोठी नासाडी आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, चारही रंगांची छोटीशी प्रिंट निघालीच पाहिजे, आणि ती कुणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून असू नये.

असं का म्हणतो, ते बघा. इंकजेटच्या हेडला शेकडो बारीक छिद्रं असतात, केसापेक्षाही बारीक. त्यांना नोझल म्हणतात. शाईत बहुतांश पाणीच असतं. प्रिंटर वापरात नसला की नोझलच्या तोंडाशी असलेलं पाणी हळूहळू उडून जातं, शाई घट्ट होते आणि छिद्र बुजतं. पेनाचं टोपण दोन दिवस उघडं राहिलं तर पेन झटकावं लागतं ना, तोच प्रकार. प्रिंटर झटकता येत नाही, म्हणून तो पंपाने नोझलमधून शाई ओढून काढतो. हेड क्लीनिंग म्हणजे एवढंच.

ही ओढलेली शाई जाते कुठे? पुन्हा टाकीत नाही. ती प्रिंटरच्या तळाशी असलेल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये मुरते. आपण पैसे मोजून आणलेली शाई, एकही अक्षर न छापता. बऱ्याच प्रिंटरमध्ये या वाया गेलेल्या शाईची मोजणीही चालू असते. पॅड भरल्याची वेळ आली की टाकीत शाई असूनही यंत्र काम थांबवतं. काही नव्या मॉडेलमध्ये हा डबा आपल्याला बदलता येतो, जुन्यांना सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. तालुक्याच्या गावी नेऊन आणण्यात दोन दिवस जातात, ते वेगळेच. शिवाय साधं क्लीनिंग सगळ्याच रंगांची शाई ओढतं. अडकला असेल फक्त पिवळा, तरी काळा आणि निळाही भरडला जातो. एपसनच्या टाकीवाल्या मॉडेलमध्ये 'पॉवर क्लीनिंग' नावाचा आणखी जोरदार प्रकार आहे. तो करण्याआधी टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या असाव्यात, अशी कंपनीचीच सूचना असते. म्हणजे किती शाई जात असेल, अंदाज करा.

आता दुसऱ्या बाजूचा हिशोब मांडू. सहावी-सातवीच्या मुलांना गणित म्हणूनही देता येईल. शाळांमध्ये सर्रास दिसणाऱ्या एपसनच्या 003 शाईची काळी बाटली 65 मिलीलीटरची असते आणि तिच्यात सुमारे 4500 पानं निघतात, असा कंपनीचा दावा आहे. साध्या मजकुराचं पान सुमारे 5 टक्के शाईने भरतं असं धरू. ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ सुमारे 624 चौरस सेंटीमीटर, त्याचे 5 टक्के म्हणजे साधारण 31. आपण 8 सेंटीमीटर लांब आणि 1 सेंटीमीटर रुंद अशी काळी पट्टी छापली, तर लागली पाव पानाची शाई. वर्षाचे 52 आठवडे धरले तरी तेरा पानांएवढी काळी शाई झाली. साडेचार हजारांतली तेरा! रंगीत पट्ट्यांचा हिशोब थोडा वेगळा येईल, पण फार नाही. कागदाची काळजी वाटत असेल तर पाठकोरे कागद आहेतच.

हे काम संगणकावर सोपवता येतं. पेंटमध्ये आकाशी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार पट्ट्यांचं चित्र करून ठेवा. हेच चार छापाईचे मूळ रंग. विंडोजमध्ये 'टास्क शेड्युलर' असतो. त्यात नवीन बेसिक टास्क घ्या, 'वीकली' निवडा, वार आणि वेळ द्या, आणि पेंटने ती फाईल छापावी असं सांगा. कार्यक्रमाच्या जागी पेंटचं नाव आणि शेजारच्या रकान्यात तिरकी रेघ, इंग्रजी पी, पुढे फाईलचा पत्ता. मग 'रन' दाबून समोर एकदा छापून बघा. आयसीटीचे शिक्षक असतील तर दहा मिनिटांचं काम.

दोन-तीन गोष्टी मात्र इथे हमखास अडतात. संगणक आणि प्रिंटर दोन्ही चालू असतील अशीच वेळ हवी. रात्री आठची वेळ शाळेत निरुपयोगी. सेटिंग्जमध्ये 'ठरलेली वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा' अशा अर्थाचा पर्याय आहे, तो टिचकी मारून चालू करा, म्हणजे सोमवारी वीज गेली तर मंगळवारी काम होईल. आणि प्रिंटरची नेहमीची सेटिंग 'ब्लॅक अँड व्हाइट' करून ठेवली असेल, तर पट्ट्या करड्या छापल्या जातील आणि रंगीत नोझल कोरडेच राहतील. काटकसर म्हणून ही सेटिंग अनेक ठिकाणी केलेली असते.

पण खरं सांगू का, नुसत्या पट्ट्या छापणं मला शिक्षक म्हणून पटत नाही. छापायचंच आहे तर उपयोगाचं छापावं. पहिलीच्या वर्गासाठी चार रंगांत चार शब्द, पुढच्या आठवड्याच्या परिपाठाचा कागद, शनिवारच्या उपक्रमासाठी एखादं रंगीत कोडं. दर आठवड्याला फाईल बदला, नाव तेच ठेवा, टास्क तशीच चालेल. मग ती देखभालीची प्रिंट उरतच नाही, भिंतीवर लागणारा कागद होतो. संगणकाचा भरवसा नसेल, तर सातवीच्या एखाद्या मुलीकडे ही जबाबदारी द्या. पट्टीत रेघ तुटली आहे का हे ती आपल्या आधी ओळखेल. दोनशिक्षकी शाळेत तर मला हाच मार्ग जास्त खात्रीचा वाटतो.

पालकांसाठी थोडं वेगळं. 2020 च्या ऑनलाइन शाळेच्या काळात अनेक घरांत प्रिंटर आले. आता ते कपाटावर बसलेत. रात्री साडेनऊला "आई, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय" ऐकू आलं की खाली उतरतात आणि सगळी शाई पॅडला पाजतात. तुमच्याकडे टाकीवाला प्रिंटर असेल तर रविवार ठरवून टाका. पण महिन्याला दोनचार पानांचीच गरज असेल, तर स्पष्ट सांगतो, इंकजेट घेऊच नका. कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान स्वस्त पडेल. फक्त काळा मजकूर लागत असेल तर लेझर बघा. त्याचा टोनर म्हणजे कोरडी भुकटी, ती वाळायचा प्रश्नच नाही.

आणखी एक सवय मोडायला हवी. शाळा सुटताना आपण बोर्डावरचं बटण खाली करतो आणि कुलूप लावतो. प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा असतो. तेव्हा हेड उजव्या कडेला जाऊन आपल्या टोपीवर नीट बसतं आणि नोझल झाकले जातात. छापाई चालू असताना थेट वीज तोडली तर हेड मध्येच उघडं राहतं. उलट दिवसातून चारदा चालू-बंद करणंही बरं नाही, कारण चालू होताना बरेच प्रिंटर थोडी शाई सफाईला वापरतात. सकाळी एकदा चालू, संध्याकाळी एकदा बंद. आणि नोझल अडकलेच, तर लागोपाठ क्लीनिंग करत सुटू नका. दोन-तीनदा करून फरक पडला नाही तर बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी नोझल चेक काढा. घट्ट झालेली शाई तेवढ्यात बरेचदा सैल होते.

खरी अडचण मे महिन्याची आहे. दीड महिना शाळा बंद, खोलीला कुलूप, वर पत्रा. असे प्रिंटर साधारण 35 अंशांपर्यंतच्या तापमानात वापरायचे असतात, आणि विदर्भ-मराठवाड्यात मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. टास्क शेड्युलर इथे काही करू शकत नाही, कारण संगणकच बंद असतो. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या सभेतच ठरवा की प्रिंटर सुट्टीत कुणाकडे राहील. गावातच राहणारे एखादे शिक्षक किंवा व्यवस्थापन समितीतले सदस्य तयार होतात. साठा नोंदवहीत तशी नोंद करा. नेताना टाक्यांची झाकणं घट्ट बसली आहेत ना ते बघा आणि यंत्र तिरकं न करता सपाट धरून न्या. मोटरसायकलवर मांडीवर घेऊन अजिबात नको, शाई सांडते. सोबत पाठकोरे सात-आठ कागद आणि पट्ट्यांची फाईल असलेला पेनड्राइव्ह द्या, आणि कागदांवर रविवारच्या तारखा आधीच लिहून ठेवा.