नावात 'ओआरएस', आत साखरेचं पाणी: वाद नेमका कशाचा?

जुलाब झालेल्या मुलासाठी मेडिकलमध्ये 'ओआरएस' मागितलं की अनेकदा हातात फळांच्या चवीचा टेट्रापॅक पडायचा. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला चाप लावला. मागेपुढे काही जोडूनही पेयाच्या नावात 'ओआरएस' वापरता येणार नाही, असा आदेश निघाला. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यासाठी अनेक वर्षं झगडत होत्या.

वाद नुसता नावाचा वाटतो, पण तो आतड्याच्या पेशीपर्यंत जातो.

या पेशींच्या आवरणात एसजीएलटी-1 नावाचं वाहक प्रथिन असतं. दारच म्हणा ना. त्याची अट मजेशीर आहे: सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू जोडीने आले, तरच दोघांना प्रवेश. ते आत गेले की पाणी मागोमाग जातं. कॉलऱ्यात आतडं भसाभस पाणी बाहेर टाकत असतं, तरी हे दार चालू राहतं. ओआरएसची सगळी करामत एवढीच.

1971 मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला सुरुवात केली. ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांनीही केलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं.

मग गोड पेयाने बिघडतं काय? कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच. आतड्यातलं द्रावण रक्तापेक्षा दाट झालं की पाणी शरीरातून उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. 2002 मध्ये संघटनेने हे सूत्र आणखी पातळ केलं. इतका फरकसुद्धा महत्त्वाचा ठरला. वादातल्या काही पेयांमध्ये मात्र साखर याच्या कित्येक पट होती.

त्यामुळे पाकिटावर 'डब्ल्यूएचओ' सूत्राचा उल्लेख आहे का, हे पाहून घ्यावं. एक लिटरचं पाकीट असेल तर ते एक लिटर पाण्यातच, पूर्ण विरघळवावं. अंदाजाने अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकलं, तर तेच दाट द्रावण घरीच तयार होतं.