पालघर कोरे का?

अंकासाठी येणाऱ्या नकाशांत सध्या एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. महाराष्ट्राच्या लोकसंख्या घनतेचा क्षेत्रघनी नकाशा, रंगछटा सुबक, सूची नीटनेटकी, उत्तरेचा बाण जागच्या जागी. आणि ठाण्याच्या वर, किनाऱ्यालगत एक राखाडी भोक. पालघर. काही शिक्षक ते भोक तसेच पाठवतात. काही जण शेजारच्या जिल्ह्याचा रंग बघून भरून टाकतात. आम्हाला धास्ती वाटते ती या दुसऱ्या मंडळींची.

कारण सगळ्यांना माहीत आहे, फक्त घाईत आठवत नाही. आकडे २०११ च्या जनगणनेचे आणि हद्दी आजच्या. तेव्हा जिल्हे ३५ होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळे झाले आणि ३६ झाले. तक्त्यात पालघरची ओळच नाही, तर नकाशा रंगवणार काय? पण खरी गोची त्याच्या खाली आहे. ठाणे जिल्हा रंगलेला दिसतो, आणि चुकीचा रंगलेला असतो. त्याला चिकटलेली दर चौरस किलोमीटरला १,१५७ ही घनता जुन्या, अखंड जिल्ह्याची. तालुक्यांचे आकडे घेऊन बेरीज करून पाहा. त्या १ कोटी १० लाख ६० हजार लोकांपैकी सुमारे ८० लाख ७० हजार आजच्या ठाण्याच्या सात तालुक्यांत येतात आणि २९ लाख ९० हजार पालघरच्या आठ तालुक्यांत. घनता निघते साधारण १,९०० आणि ५६०. मोखाडा, जव्हार एका टोकाला आणि ठाणे, कल्याण दुसऱ्या टोकाला असताना १,१५७ हा आकडा यांपैकी कुणाचाच नव्हता. कोऱ्या पालघरने निदान थाप तरी मारली नाही.

आमच्या पिढीने हे नकाशे ट्रेसिंग पेपर आणि रंगीत पेन्सिलींनी केले. एकेक जिल्हा रंगवताना तक्त्यात त्याचा आकडा शोधावा लागे, आणि आकडा सापडला नाही की हात थांबे. मग सरांकडे जायचे. आता क्यूजीआयएससारखे मोफत साधन शाळेच्या जुन्या संगणकावरही निभावते, डेटारॅपर तर ब्राउझरमध्येच चालते, आणि अख्खे राज्य दोन सेकंदांत रंगते. वेळ वाचतो याचा आनंदच आहे. पेन्सिलींच्या आठवणींनी गहिवरून येण्याचे आम्हाला काही कारण दिसत नाही. त्या थांबलेल्या हाताची जागा मात्र अजून कशानेच घेतलेली नाही.

तक्ता आणि हद्दी जोडण्याच्या पायरीवरच निम्मी गडबड होते. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात बीडचे स्पेलिंग ‘बी-आय-डी’ आहे, रायगडच्या शेवटी ‘एच’ आहे. त्यात अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे जुन्या तक्त्यात असणारच नाहीत. नावावरून जोडायला गेलात की पाच-सहा जिल्हे हमखास गळतात. म्हणून नावाऐवजी जनगणनेचा संकेतांक वापरा: २०११ मध्ये महाराष्ट्राचे जिल्हे नंदुरबारच्या ४९७ पासून सांगलीच्या ५३१ पर्यंत ओळीने आहेत. आणि देवनागरी नावांचा तक्ता एक्सेलमध्ये उघडल्यावर चौकोन आणि चिन्हेच दिसली तर फाइल बिघडलेली नाही. ती यूटीएफ-८ म्हणून आयात करा.

वर्ग पाडण्याचेही तसेच. त्याच ३५ जिल्ह्यांत गडचिरोलीची घनता ७४ आणि मुंबई उपनगरची जवळपास २१,०००. समान अंतराचे पाच वर्ग पाडले तर पहिलाच वर्ग ४,००० च्या पुढे जातो, आणि दोन्ही मुंबई सोडून उरलेले ३३ जिल्हे एकाच फिकट रंगात न्हाऊन निघतात. पुणे आणि गडचिरोली सारखेच! उलट प्रत्येक वर्गात सात-सात जिल्हे घातले तर ३९३ घनतेचे नाशिक मुंबई उपनगराच्या शेजारी गडद रंगात बसते. आकडे तेच, नकाशे दोन, आणि दोन्ही बघून नववीचा विद्यार्थी वेगवेगळी उत्तरे देणार. वर्गात हे दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावा. प्रकरण शिकवण्यापेक्षा त्यांवर भांडण लागलेले बरे.

देशाचा नकाशा करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ब्राउझरमधले बहुतेक पार्श्वनकाशे वेब मर्केटर प्रक्षेपणावर असतात. त्यात कन्याकुमारीजवळचे क्षेत्रफळ २ टक्के फुगते, तर श्रीनगरच्या अक्षांशावरचे सुमारे ४५ टक्के. घनता दाखवायची तर समक्षेत्र प्रक्षेपण निवडा. दुसरे म्हणजे सीमा. परदेशी साधनांत आयती मिळणारी भारताची हद्द बरेचदा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळत नाही, आणि तशी न जुळणारी हद्द प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. विभागाच्या संकेतस्थळावरची हद्दच वापरा. शाळेच्या भित्तिपत्रकालाही ही सवय असावी.

आता १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची जनगणना तोंडावर आहे. आकडे हाती येताच २०११ ते २०२७ मधल्या बदलाचे नकाशे आमच्याकडे ढिगाने येतील, आणि ठाणे-पालघरची वजाबाकी पुन्हा सगळ्यांना फसवील. तालुक्यांची बेरीज आत्ताच करून ठेवा.

पुढच्या अंकापासून आम्ही नकाशाखाली तीन गोष्टी मागणार आहोत: आकड्यांचे वर्ष, हद्दींचे वर्ष आणि वर्ग कसे पाडले. यांपैकी एक जरी नसेल तरी नकाशा परत येईल. तालुक्यांपर्यंत पोचायला वेळ नसेल आणि पालघर कोरेच ठेवायचे असेल, तर तेही चालेल. सूचीत राखाडी चौकोन काढा आणि त्यापुढे लिहा: २०११ साली हा जिल्हा नव्हता. ठाण्यापुढेही एक तारांकन द्या.