जेथें पाहावें तेथेंच जेवावें

सुटीचे दिवस जवळ आले कीं घरोघर एक वाद सुरू होतो. धाकटी मंडळी दूरदेशांचीं चित्रें दाखवूं लागतात, वडील मंडळी काशीरामेश्वराचें नांव काढतात, आणि मधल्या पिढीला खर्चाचा मेळ घालीत बसावें लागतें. सध्यां दक्षिण सयामाचा, म्हणजे १९३९ सालीं ज्या देशानें थायलंड हें नांव घेतलें त्याच्या दक्षिण भागाचा, बोलबाला आहे असें ऐकतों. भातखाचरांच्या कडेस टुमदार कॉफीगृहें आहेत. तेथें बसावें, समोरचें हिरवें रान पाहावें, पेला संपवावा आणि पुढच्या गांवीं जावें, अशी ती सफर असते म्हणे. कल्पना वाईट नाहीं. देखावा जेथें पाहावयाचा तेथेंच कांहीं खावेंप्यावें, हें त्यांतलें तत्त्व आम्हांस मान्य आहे. तें पाळण्यासाठीं समुद्र ओलांडलाच पाहिजे, हें मात्र मान्य नाहीं.

नागपुराहून दक्षिणेस निघावें. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत भातखाचरें आहेत, जुने तलाव आहेत, विस्तीर्ण पात्रांच्या नद्या आहेत आणि सागवानाचीं अरण्यें आहेत. हे दोन्ही मिळून पूर्वीं एकच चांदा जिल्हा होता; २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली निराळा झाला. आपल्यापैकीं बहुतेकांस यांतलें एकच नांव ठाऊक असतें, तें ताडोबाचें. १९५५ सालचें हें राष्ट्रीय उद्यान १९९५ सालीं व्याघ्रप्रकल्प झालें, आणि तेव्हांपासून वाघ दिसला तर प्रवास सफळ, न दिसला तर पैसे पाण्यांत, असा हिशेब रूढ झाला. वाघ अवश्य पाहावा. परंतु बंद गाडींतून उद्यानाच्या फाटकाशीं उतरावें, घरून आणलेले डबे सोडावे, आणि त्याच गाडींतून परतावें, याला देश पाहणें म्हणतां येत नाहीं. म्हणून वाचकांपुढें निराळा मार्ग ठेवीत आहों.

पहिला मुक्काम वरोऱ्याजवळचें आनंदवन. बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापिली आणि ओसाड माळावर ही वसाहत उभी केली. आरंभीं तेथें पिकलेली भाजी व तेथलें दूध विकत घेण्यास आसपासचे लोक धजत नसत. ज्या हातांनीं तें पिकविलें त्या हातांचें भय होतें. पुढें तें भय गेलें आणि त्याच मातींतलें धान्य लोकांच्या ताटांत आलें. आजच्या लेखाचें सार आम्हांस या एका गोष्टींत दिसतें, म्हणून आरंभ तेथून केला.

तेथून भद्रावतीचें जैन मंदिर व विजासनचीं लेणीं पाहून चंद्रपुरास यावें. इरई व झरपट या नद्यांच्या सांनिध्यांत गोंड राजांनीं वसविलेलें हें नगर अद्यापि परकोटाच्या आंत नांदत आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे त्याचे चार दरवाजे. अंचलेश्वराच्या देवळाशेजारीं गोंड राजांच्या समाध्या आहेत. राजा बीरशहाची भव्य समाधि त्याची राणी हिराई हिनें बांधविली. सकाळीं परकोटाच्या कडेनें फिरावें आणि उन्हें चढण्यापूर्वीं एखाद्या साध्या उपाहारगृहांत तर्रीपोहे मागावे. हरभऱ्याचा तांबडा झणझणीत रस्सा पोह्यांवर ओतून देतात. ज्यांस तिखट सोसत नसेल त्यांनीं तर्री निराळी घ्यावी. जोडीला आलुबोंडा असतोच. दुपार टळल्यावर जुनोण्याच्या तलावाकडे जावें. पाणी, पलीकडे जंगल आणि पांखरें, एवढाच तेथला पसारा. पण संध्याकाळ पुरून उरते.

चंद्रपुराहून मूलच्या वाटेनें पूर्वेस वळलें कीं भाताचा मुलूख लागतो. यास झाडीपट्टी म्हणतात. गांवोगांवीं दिसणारे तलाव हे निसर्गाचे नव्हेत. गोंड राजवटींत व त्यानंतर मालगुजारांच्या अमदानींत ते माणसांनीं बांधले. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तलाव राहिले. सरकारी दप्तरांत ते ‘माजी मालगुजारी’ झाले आणि लोकांनीं त्याचें आटोपशीर ‘मामा तलाव’ केलें. याच तलावांत शिंगाडा होतो, मासळी होते, आणि त्यांच्याच पाण्यावर धान पिकतें. नागभीडच्या बाजूस गेल्यास घोडाझरीचा मोठा जलाशयहि पाहावा. २०१८ सालीं भोंवतालच्या जंगलास अभयारण्याचा दर्जा मिळाला.

या भागांतल्या खानावळींत बसाल तेव्हां पानांतल्या भाताकडे लक्ष द्यावें. बारीक, मऊ आणि चवीचा असा ‘एचएमटी’ तांदूळ महाराष्ट्रांत व बाहेरहि प्रसिद्ध आहे. तो नागभीड तालुक्यांतल्या नांदेड गांवच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्यानें शोधिला. १९८३ च्या सुमारास आपल्या शेतांत कांहीं निराळ्या ओंब्या त्यांच्या दृष्टीस पडल्या. त्या त्यांनीं वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षें निवडून पेरल्या, आणि वाण सिद्ध झाल्यावर त्या काळच्या आवडत्या घड्याळाचें नांव त्यास दिलें. वाण देशभर गेलें. शोधकाच्या घरीं संपत्ति आली नाहीं. २०१८ सालीं ते निवर्तले. आपल्या स्वयंपाकघरांत हा तांदूळ वर्षानुवर्षें शिजत असेल आणि त्यांचें नांव मुलांस ठाऊक नसेल, तर तें सांगण्याची जागा हीच. पाठ्यपुस्तकापेक्षां पुढ्यांतला भात अधिक लक्षांत राहतो.

हिंवाळ्यांत गेल्यास आणखी एक लाभ आहे. देसाईगंज, ज्यास लोक वडसा म्हणतात, हें झाडीपट्टी रंगभूमीचें केंद्र. दिवाळीपासून होळीपर्यंत गांवोगांवीं मांडव पडतात आणि नाटक रात्रभर चालतें. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. मांडवाबाहेर भजीं तळलीं जात असतात आणि चहाची किटली सतत चुलीवर असते. शहरांतल्या नाट्यगृहांत मध्यंतराला जो चहा मिळतो त्याच्याशीं याची तुलना करूं नये.

पुढें वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यांत शिरावें. चामोर्शीजवळ मार्कंडा येथें दक्षिणवाहिनी वैनगंगा क्षणभर उत्तरेकडे वळते, आणि त्या वळणावर शिल्पांनीं मढलेल्या प्राचीन देवळांचा समूह उभा आहे. मृत्यूच्या पाशांतून शिवानें सोडविलेल्या मार्कंडेयाची कथा आपल्याकडील आजींस सांगतां येईल. ती नदीकांठीं बसूनच ऐकावी. महाशिवरात्रीस येथें मोठी जत्रा भरते. देखावा निवांत पाहावयाचा असेल तर तो दिवस टाळावा, माणसें पाहावयाचीं असतील तर तोच दिवस धरावा.

मार्कंड्याच्या पुढें चहाच्या दुकानांतली भाषा बदलूं लागते. चामोर्शी व मूलचेरा तालुक्यांत पूर्व बंगालांतून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत. तेथें बांकावर बंगाली ऐकूं येते. आल्लापल्लीजवळ सागवानाचें एक जुनें वन जपलेलें आहे. २०१४ सालीं तें महाराष्ट्रांतलें पहिलें जैवविविधता वारसास्थळ ठरलें. त्याहूनहि दक्षिणेस, प्राणहितेच्या तीरावर सिरोंचा. तेथें तेलुगू बोलतात आणि सकाळीं इडलीडोसा मिळतो. जवळच प्राणहिता गोदावरीस मिळते. पूर्वेस भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. त्याच्या अलीकडे हेमलकसा येथें १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प चालू आहे. हा माडिया गोंडांचा मुलूख. आठवड्याच्या बाजारांत मोहफुलें, चारोळी, टेंभरें आणि पावसाळ्यांत बांबूचे कोवळे कोंब, ज्यांस इकडे वास्ते म्हणतात, विकावयास येतात. तांबड्या मुंग्यांची चटणीहि येथल्या जेवणांत आहे. आपल्यास जें चालत नाहीं त्यास हात जोडून नको म्हणावें. नाक मुरडूं नये. नाक मुरडलेलें कोणत्याहि भाषेंत कळतें.

आतां मूळ मुद्द्यावर येतों. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक आदि थोर मंडळींनीं चहा घेतला, आणि त्या पेल्यावरून ग्रामण्य उठलें, चौकशी झाली, प्रायश्चित्तें झालीं. आज तें वाचून मुलें हंसतात. परंतु हंसण्यापूर्वीं आपल्या गाडीच्या मागल्या भागांत काय भरलें आहे तें पाहावें. चार दिवसांचें पाणी, आठ दिवसांचा फराळ, स्वतःचे पेले, स्वतःचे चमचे! पूर्वीं सोवळ्याचें कारण होतें, आतां आरोग्याचें कारण आहे. पण दोहोंचा परिणाम एकच, कीं ज्यांच्या देशांत आपण जातों त्यांच्या हातचें कांहीं घेत नाहीं. आनंदवनाच्या भाजीचें जें भय होतें त्याचें हें सभ्य रूप आहे. शिवाय यांत हिशेबाचीहि गोष्ट आहे. अरण्य, तलाव व नदी ज्यांनीं राखली त्यांच्या पदरीं आपल्या सहलीचे चार पैसे पडावयाचे तर ते चहाच्या दुकानींच, खानावळींतच आणि बाजारांतच पडतील.

आरोग्याची शंका खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तिला उपाय आहेत. डोळ्यांदेखत उकळलेला चहा आणि नुकतें तळलेलें भजें यांपासून फारसें भय नाहीं. पाणी उकळून किंवा गाळून घ्यावें. चिरून ठेवलेलीं फळें टाळावीं. गडचिरोलींत हिंवतापाचा उपद्रव आहे, म्हणून मच्छरदाणी अवश्य न्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यांत चंद्रपुराचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुरानें भामरागडची वाट तुटते. या अरण्यानें १९८० नंतर चार दशकें सशस्त्र हिंसा सोसली. ती आतां पुष्कळ ओसरली आहे, तरी आंतल्या वाटेस लागण्यापूर्वीं पोलीस ठाण्यांत किंवा वनखात्याच्या कचेरींत विचारपूस करावी. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे, हें बायकामुलांसह जाणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें. पाड्यांवर न विचारतां कोणाचें छायाचित्र घेऊं नये, आणि मुलांच्या हातीं गोळ्या देऊन त्यांस भिक्षेकरी करूं नये.

घरांतल्या वडील स्त्रियांस आमची एक विनंति आहे. शिदोरी बांधावी, परंतु एकाच वेळेची. दुसऱ्या वेळेस भूक लागेल तेव्हां गाडी थांबवावीच लागेल. बांकावर सरकून कोणीतरी जागा करून देईल, कोठून आलांत म्हणून विचारील, आणि उत्तर दिल्यावर आपण त्यासहि तेंच विचारावें. चहा येईपर्यंत तेवढा अवकाश पुरतो.