परिभाषा कठीण कोणाला?

रसायनशास्त्र मराठींत शिकवावें असें कोणीं म्हटलें, कीं आमच्या सुशिक्षित मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. मूलद्रव्य, संयुग, अभिक्रिया हे शब्द म्हणे दांत पाडणारे! त्यापेक्षां इंग्रजी शब्दच सोपे व शास्त्रशुद्ध, हा त्यांचा निवाडा. या निवाड्याची थोडी झडती घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

'ऑक्सिजन' हा शब्द मुळांत इंग्रजांच्या घरचा नव्हे. लाव्हाझिए या फ्रेंच पंडितानें तो ग्रीक शब्दांवरून घडविला, आणि १७८७ मध्यें तिघां सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या परिभाषेंत त्याला स्थान दिलें. त्याचा अर्थ 'आम्ल उत्पन्न करणारा'. पुढें १८१० मध्यें डेव्हीनें क्लोरिन हें मूलद्रव्यच असल्याचें प्रतिपादिलें, आणि हायड्रोक्लोरिक आम्लांत ऑक्सिजन मुळींच नाहीं हें उघड झालें. म्हणजे नांवाचा अर्थच खोटा ठरला. तरी नांव टिकलें, कारण शास्त्रीय शब्द व्याख्येवर जगतो. जर्मन मुलगा तर हायड्रोजनला 'जलद्रव्य' अशा अर्थाच्या घरगुती नांवानेंच ओळखतो. म्हणून जर्मनांचें रसायन मागें पडलें काय?

आमच्या भाषेलाही पदार्थांची पारख नवी नाहीं. साखर विरघळते, तूप वितळतें, लोखंड गंजतें, दूध नासतें. चुन्याच्या निवळींत नळीनें श्वास फुंकला कीं ती दुधाळ होते. श्वासांतील कार्बन डायऑक्साइडाशीं तिची अभिक्रिया होऊन न विरघळणारें नवें द्रव्य बनतें. लोखंडाचा कीस व गंधकाची पूड एकत्र केली तर तें मिश्रण. लोहचुंबक फिरवितांच कीस वेगळा निघतो. तेंच नीट तापवून संयुग झालें, कीं चुंबकाची मात्रा चालत नाहीं. ज्या मुलानें हें डोळ्यांनीं पाहिलें, त्याला हे शब्द कठीण कसे वाटतील? उलट इंग्रजी व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला दोहोंतील भेद विचारावा, म्हणजे घोकंपट्टीचें फळ कळेल.

चिन्हें व सूत्रें सर्व जगाचीं एक आहेत. तीं तशींच राहोत. इंग्रजी नांवेंही मुलांनीं पुढें अवश्य शिकावींत. परिभाषाकारांनींही मोरचूद, नवसागर, तुरटी हीं बाजारांतील नांवें मोडीत काढूं नयेत. परंतु पहिली ओळख घरच्या भाषेंतच व्हावी, एवढाच आमचा आग्रह आहे. परिभाषा कठीण वाटते ती मुलांना नव्हे. मराठींतून विचार करण्याची संवय मोडलेल्या त्यांच्या वडिलांना!