फिट येणाऱ्या मुलीची गोष्ट

पुसदच्या एका वस्तीत आमचा गट दर शनिवारी दुपारी मुलींसाठी गोष्टींचा तास घेतो. पाचवी ते आठवीच्या पंधरा-वीस जणी येतात, त्यातल्या काही जवळच्या तांड्यावरून. गेल्या पावसाळ्यात मी ‘तोत्तोचान’मधला झाडाचा प्रसंग वाचून दाखवला. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या लहानपणच्या शाळेवर लिहिलेलं, १९८१ साली जपानमध्ये निघालेलं आणि चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेलं हे पुस्तक आपल्यापैकी अनेकींच्या घरी असेल. पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तोचान शिडी लावून, ओढून, कसंबसं आपल्या झाडावर चढवते. मुली श्वास रोखून ऐकत होत्या.

वाचून झाल्यावर सातवीतल्या एकीनं विचारलं, “ताई, त्याला पोलिओच्या जागी फिट येत असती, तर तिनं झाडावर चढवलं असतं का?”

विचारणाऱ्या मुलीला स्वतःलाच मिरगी आहे. (तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) वर्गात एकदा फिट आली तेव्हा कोणी चप्पल हुंगवली, कोणी दातांत चमचा घालायला धावलं. दुसऱ्या दिवसापासून तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या आईनं तसं सांगितलं होतं म्हणे. औषध सुरू आहे, त्यासाठी यवतमाळला जावं लागतं, म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी बुडते. पण मुलगी रडली ती बाकासाठी.

त्या प्रश्नानंतर मी घरातली, वाचनालयातली मुलांची पुस्तकं चाळायला बसले, आठवणीतल्या गोष्टी आणि सिनेमेही तपासले. ‘चौकट राजा’ १९९१ चा. लहानपणीच्या अपघातानं बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू आणि त्याची बालमैत्रीण. आपण सगळ्यांनी तो रडत रडत पाहिला. ‘तारे जमीन पर’ २००७ चा. डिस्लेक्सिया असलेला ईशान, बोर्डिंगमधला त्याचा मित्र राजन, आणि मुलांसाठी नोकरी सोडलेली आई. परदेशातली ‘हायडी’ घेतली तर तिच्यातली क्लारा डोंगराच्या हवेत शेवटी चालायला लागते. या गोष्टी वाईट नाहीत. तोत्तोचान तर मला फार आवडते. पण एकदा लक्षात आलं की नजरेआड होत नाही: बरं नसतं ते बहुतेक मुलाला, आणि त्याला ओढणारी, जपणारी, त्याच्यासाठी झुरणारी असते ती मुलगी किंवा आई. जिला काही आहे अशी मुलगी आली, तर गोष्ट संपेपर्यंत ती बरी तरी होते नाहीतर मोठं काही करून दाखवते. ‘यलो’मध्ये (२०१४) मुलगी आहे, डाऊन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळनं स्वतःच ती भूमिका केली, याचा मला आनंदच आहे. पण ती जलतरणपटू आहे. आमच्या मुलीला पोहता येत नाही. तिला फक्त शाळेत कोणीतरी शेजारी बसायला हवं आहे.

मुलांच्या गोष्टींवर एवढं काय लिहायचं, असं काही मैत्रिणींना वाटेल. समुपदेशन केंद्रावर बसणाऱ्या मैत्रिणींना नाही वाटणार. लग्नानंतर सासरी पहिली फिट आली आणि आठ दिवसांत माहेरी आणून सोडली, ‘फसवलं’ म्हणून वकिलाची नोटीस, अशा बायका आपल्याकडे येतातच. १९७६ च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात मिरगीचे वारंवार येणारे झटके ही लग्नाला अडचण ठरवली होती. तो शब्द १९९९ साली निघाला. कायद्यातून निघाला, पण बैठकीतून निघाला नाही. म्हणून आया लपवतात, गोळ्या लपवून देतात, लग्न ठरलं की बंदही करतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जगात सुमारे ५ कोटी लोकांना मिरगी आहे आणि वेळेवर नीट उपचार झाले तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांचे झटके थांबू शकतात. त्यासाठी गोळी रोज घ्यावी लागते, आणि चोरून गोळी रोज घेता येत नाही. आणखी एक पाहिलं आहे. अशा मुलीला विहिरीवर जाऊ देत नाहीत, ‘पडेल’ म्हणतात. चुलीपुढे मात्र तीच बसते.

तर तिच्या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं. झटके आटोक्यात नसतील तर उंच झाडावर चढणं धोक्याचंच. “मग तोत्तोचाननं काय करायचं?” यावर मुली तासभर भांडल्या. त्यातून त्यांनी स्वतःची गोष्ट रचली. दोघी मैत्रिणी, एक बोराचं झाड. एक वर चढते, दुसरी खाली ओढणी पसरून बोरं झेलते आणि हिशेब ठेवते. मग खालचीला झटका येतो. वरची उतरते, तिला कुशीवर वळवते, डोक्याखाली ओढणीची घडी ठेवते, तोंडात काही घालत नाही, गर्दी हटवते आणि आकडे मोजते. पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना, हे तिला ठाऊक आहे. झटका थांबल्यावर ती बोरांची वाटणी करते. शेवट काय करायचा यावर मतभेद झाले. तांड्यावरच्या एकीला देवीला नवस बोलून ती बरी व्हायला हवी होती. आमची मुलगी म्हणाली, “नाही. ती गोळी घेते अन् शाळेत जाते. बस.”

इथे माझी चूक सांगायला हवी. बोलण्याच्या भरात मी सगळ्यांसमोर ‘हिला जशी मिरगी आहे तशी’ असं म्हणून गेले. शाळेला माहीत होतं, पण तांड्यावरून येणाऱ्या मुलींच्या घराशेजारी त्यांचे नातेवाईक राहतात, ते मला सुचलं नाही. सोमवारी आई दारात आली. “ताई, तुमचं काय जाते? पोरीचं लगन व्हाचं हाये.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. १९९९ ची दुरुस्ती त्या माउलीला सांगण्यात काय अर्थ होता? मी माफी मागितली. लपवणं चूक आहे असं मी इथे लिहीन, शिबिरात बोलेन, पण ते कधी उघड करायचं हे त्या घरानं ठरवायचं, मी नाही.

पाच शनिवार मुलगी आली नाही. त्या काळात तिची जुनी बाकमैत्रीण गोष्टीचा कागद मागून घेऊन गेली. तो तिच्या घरी पोचला की नाही, मी विचारलं नाही. सहाव्या शनिवारी दोघी आल्या, वेगवेगळ्या, आणि वेगवेगळ्याच बसल्या.

ती गोष्ट मुलींनी चित्रं काढून आठ पानांची केली आहे. नावं सगळी बदललेली आहेत. ‘मिरगी’ हा शब्द ठेवायचा की ‘फिट’ म्हणायचं यावर अजून वाद आहे, त्यामुळे काही प्रतींत एक शब्द आहे, काहींत दुसरा. एक मुलगी ती गोरमाटीत करते आहे, आजीला वाचून दाखवायला. झेरॉक्सच्या पंचवीस प्रती शिल्लक आहेत. ज्या गटांना हव्या असतील त्यांनी संपादक मंडळाकडे कळवावं, आणि तुमच्या भागातल्या मुलींनी शेवट बदलला तर तो आम्हाला जरूर पाठवावा.